केस कुठले जाणार, ते कुणी सांगेना

रेडिएशनच्या खोलीबाहेर बाकावर माझ्या शेजारी पारनेरकडचे एक काका बसायचे. गालातली गाठ, तंबाखूची. त्यांची डाव्या बाजूची दाढी पार गेली होती आणि उजवीकडची पांढरी, दाट दाढी जशीच्या तशी होती. त्यांच्या पलीकडे शेवगावच्या ताई. छातीचा कॅन्सर. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, पापण्यासुद्धा नाहीत. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "माझंही असंच होणार का हो?" त्या म्हणाल्या, "हे किमोचं गं. शेक माझ्या छातीवर आहे, तो डोक्याला काय करील? तुझा कुठं आहे?" मी डोक्याला हात लावला. त्या गप्प झाल्या आणि माझा हात हातात घेऊन बसल्या.

शेक म्हणजे रेडिएशन. नगरच्या त्या हॉलमध्ये कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट, कुणी नुसतंच मशीन. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कॅन्सर म्हटलं की केस जातात एवढं सिनेमात पाहिलेलं. पण एकाची अर्धीच दाढी जाते, एकीच्या पापण्यासुद्धा जातात आणि तिसऱ्याच्या केसाला धक्का लागत नाही, याचा अर्थ लागेना. त्यात माझी गाठ कॅन्सरची नव्हती.

राहुरी तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी कॅशियर आहे. दिवाळीच्या गर्दीत नोटा मोजताना उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. थकवा असेल म्हणून दुर्लक्ष केलं, आणि मग काउंटरवरच झटका आला. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, मेंदूच्या आवरणाला धरून वाढलेली गाठ दिसली. मेनिन्जिओमा. ही गाठ बायकांमध्ये जास्त आढळते, बहुतेकदा सावकाश वाढते आणि पूर्ण काढता आली तर पुष्कळांचं तिथंच निभावतं. माझी तपासणीत दुसऱ्या ग्रेडची निघाली. अशी गाठ पुन्हा उगवण्याची भीती जास्त, म्हणून पुण्याला ऑपरेशन आणि जखम भरल्यावर नगरला शेक, आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेक बसला. रेशनकार्डाच्या झेरॉक्स घेऊन हे आरोग्यमित्राच्या टेबलासमोर किती वेळ उभे राहिले असतील, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

सुरू होण्याआधी संमतिपत्रावर सही घेतली. त्यावर त्वचा लाल होणे आणि थकवा येणे यांच्या मध्ये 'केस गळणे' असं छापलेलं होतं. मी विचारलं. तरुण डॉक्टर म्हणाले, "केस जातील, येतील परत." सगळे की थोडे? कधीपासून? परत म्हणजे किती महिन्यांनी? तोवर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं होतं.

घरी-दारी सगळ्यांचं एकच म्हणणं. जीव वाचला, आता केसांचं काय घेऊन बसलीस! हे वाक्य मला आजही सहन होत नाही. जीव वाचल्याची किंमत माझ्याइतकी कुणाला कळणार? पण सकाळी उठून ज्या डोक्याला मी कंगवा लावते त्याचं काय होणार, हे आधी कळावं असं वाटणं म्हणजे जिवाची किंमत न कळणं नव्हे. चाळिशीच्या आतली बाई, गावात नांदणारी, रोज काउंटरच्या काचेमागे बसणारी. माझं डोकं रोज शेकडो माणसांच्या नजरेसमोर असतं.

शेकाच्या आधी मास्क करतात. जाळीदार पांढऱ्या प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढून बसवतात आणि तो काही मिनिटांत कडक होतो. रोज तोच मास्क घालून, टेबलाला क्लिपांनी पक्का करून निजवतात, म्हणजे डोकं तसूभर हलत नाही आणि किरण ठरल्या जागीच पडतात. ऑपरेशनच्या वेळी डाव्या बाजूचे केस काढले होते, बाकीची वेणी शाबूत होती. टेक्निशियन ताईंनी वेणी सोडायला लावली, क्लिपा काढायला लावल्या. म्हणाल्या, "केस कापायचे असतील तर आत्ताच कापून या. मास्क झाल्यावर कापले तर तो सैल होतो." इतक्या दिवसांत केसांबद्दल कामाचं असं कुणी बोललं ते हे पहिल्यांदा. मी त्याच दिवशी तारकपूर स्टँडजवळच्या पार्लरमध्ये जाऊन मानेपर्यंत केस कापून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मास्क करवला.

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. ऑपरेशनच्या खुणेभोवती तर नवे खुंट वर आले होते, हाताला खरखरीत लागायचे. लेक त्यांच्यावरून बोट फिरवून हसायची. मला वाटायला लागलं, माझं निभावणार बहुतेक.

महाशिवरात्रीच्या आगेमागे, तिसऱ्या आठवड्यात, नहाणीत डोक्यावरून पाणी घेतलं आणि हातात बट आली. ओढ नाही, दुखणं नाही. अंगावर काटा आला तो दुखत नाही याचाच. उजेडात नेऊन बघितलं. एरवी विंचरताना निघणाऱ्या केसाच्या मुळाशी पांढरा ठिपका असतो; या केसांच्या मुळाकडची टोकं शिसपेन्सिलीला टोक काढावं तशी निमुळती झाली होती. डाव्या बाजूचे नवे खुंट टॉवेलनं पुसले तेवढ्यानं निघून आले. आमच्या आत्याबाई घरातल्या सगळ्या बायकांचा गुंतवळ एका पिशवीत साठवतात. केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला घालतात. माझे ते केस त्यांनी त्या पिशवीत टाकले नाहीत. वेगळ्या फडक्यात बांधले आणि कुठं ठेवले ते मी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे गेले तर. डोस्कं जाग्यावर राहिलं ना."

पण खरी घाबरले ती दोन दिवसांनी. लेकीनं मागून बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, इकडं पण गेलेत." उजव्या कानाच्या मागे दोन बोटं रुंद पट्टा मोकळा झाला होता. गाठ डावीकडे, ऑपरेशन डावीकडे. मग उजवीकडे काय आहे? त्या रात्री मी झोपले नाही. गाठ पलीकडे सरकली, डॉक्टरांना माहीत आहे आणि मला सांगत नाहीत, असंच मनात पक्कं होत गेलं. सकाळी एसटीत बसले, वांबोरी फाटा गेला, देहरे गेलं, विळद घाट आला तरी यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

त्या दिवशी मशीन थोडा वेळ बंद होतं म्हणून तिथले फिजिसिस्ट सर बाहेर आले होते. किरणांचा हिशेब मांडणारे ते. पेशंटशी त्यांची सहसा गाठ पडत नाही. मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि कानामागचा पट्टा दाखवला. त्यांनी मला आत नेऊन कॉम्प्युटरवर माझंच डोकं दाखवलं. चकत्या चकत्या केलेलं, रंगांनी भरलेलं. गाठीच्या जागी लाल, भोवती पिवळा, मग हिरवा, आणि तिथून निघून उजव्या कानापर्यंत गेलेला निळा पट्टा. ते म्हणाले, "किरण एका बाजूनं शिरतो तसा दुसऱ्या बाजूनं बाहेरही पडतो. तुमचे केस गेलेत ती बाहेर पडायची जागा आहे. तिथं गाठबिठ काही नाही." मी खुर्चीत बसले आणि रडले. सर पाणी आणायला स्वतः गेले.

त्या एका चित्रानं जे कळलं ते आधीच कळलं असतं तर एक रात्र वाचली असती. केसाच्या मुळाशी ज्या पेशी असतात त्या शरीरातल्या सगळ्यांत झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत, आणि डोक्यावरचे दहातले साधारण नऊ केस कुठल्याही वेळी वाढीलाच लागलेले असतात. किरण वाढत्या पेशीला आधी मारतात. म्हणून केस मुळाशी बारीक होत जातो आणि दोन-तीन आठवड्यांनी तुटून येतो. किमोचं औषध रक्तातून सगळीकडे फिरतं, म्हणून शेवगावच्या ताईंच्या पापण्याही गेल्या. शेक ज्या वाटेनं जातो त्या वाटेवरचेच केस नेतो. काकांची अर्धी दाढी त्याचीच.

ही गोष्ट माणसाला शेकाच्या जन्मापासून माहीत आहे, हे मला पुढे वाचनात आलं. राँटगेननं क्ष-किरण शोधले ते १८९५ च्या नोव्हेंबरात. १८९६ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या वँडरबिल्ट विद्यापीठात जॉन डॅनियल यांच्याकडे डोक्यात गोळी गेलेल्या एका मुलाची तपासणी आली. आधी मोठ्या माणसावर करून बघावं म्हणून विल्यम डडली या प्राध्यापकानं स्वतःचं डोकं पुढं केलं आणि तासभर किरण घेतले. एकविसाव्या दिवशी त्या जागेवरचे केस गळून मोकळा गोल चट्टा पडला. माझ्याही तिसऱ्याच आठवड्यात. पुढे कित्येक वर्षं डोक्यावरच्या गजकर्णासाठी पोरांचे केस मुद्दाम क्ष-किरणांनी घालवत असत. १९५० चं दशक संपता संपता त्यावर गोळी आली तेव्हा ते थांबलं. सव्वाशे वर्षांपूर्वी दिवस मोजून लिहून ठेवलेली गोष्ट आज संमतिपत्रावर दोन शब्दांत उरकते, याचं मला वाईट वाटतं.

परत येतील का, हेही चित्रावरूनच कळलं. किरणांचा डोस ग्रे या मापात मोजतात. गाठीच्या जागेला मिळून साठाच्या आसपास ग्रे द्यायचे होते. माझी गाठ कवटीला लागून, म्हणून तिच्यावरच्या कातडीलाही मोठा डोस. आताची मशीनं किरणांचा पुरा जोर कातडीखाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर आणतात, त्यामुळे वरची कातडी पुष्कळ वाचते. पण डोकं गोल आहे, काही किरण कातडीला घासून तिरपे जातात आणि मास्कच्या प्लास्टिकमुळेही वरच्या थराचा डोस थोडा वाढतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं होतं, की केसांच्या मुळांना ४३ ग्रेच्या आसपास डोस गेला तर निम्म्या लोकांत त्या जागी कायमचं टक्कल राहतं. सर बोट ठेवून म्हणाले, "कानामागचे येतील. हे वरचे मात्र पूर्वीसारखे दाट येतील असं मी सांगणार नाही." हे ऐकून मला कसं वाटलं असेल असं लोक विचारतात. बरं वाटलं. पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या डोक्याबद्दल खरं आणि नेमकं सांगितलं होतं.

मी आणखीही विचारून घेतलं. किमोच्या वेळी काही ठिकाणी डोकं गार ठेवणारी टोपी देतात, ती मला चालेल का? नाही, कारण गारव्यानं रक्त कमी पोचतं आणि रक्तातलं औषध अडतं, किरण अडत नाहीत. खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात प्रोटॉनचं मशीन आहे, तिथं केस वाचले असते का? प्रोटॉन गाठीच्या पलीकडे जवळजवळ जात नाहीत, तेव्हा कानामागचे वाचले असते. पण शिरायच्या जागेची कातडी त्यांतही सुटत नाही, आणि माझ्यासारख्या गाठीला हेच मशीन पुरेसं होतं. माझ्या अंगातून किरण बाहेर पडतात का, लेकीला जवळ घेऊ ना? बाहेरून दिलेला शेक मशीन बंद झालं की संपतो. अंगात काही राहत नाही. हा शेवटचा प्रश्न मी शेजारणींसाठीही विचारला होता, कारण एक-दोघी आपल्या पोरांना आमच्या ओट्यावर येऊ देईनाशा झाल्या होत्या.

उरलेले केस बघवेनात. एका बाजूला सपाट, मध्ये लांब, मागे पट्टा. सगळेच बारीक करावेत असं ठरवलं. वस्तरा लावायचा नाही, कापलं तर शेकातली कातडी लवकर भरत नाही, मशीन चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावातले न्हावीदादा घरी आले. पेटी उघडली, मशीन हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, सवाष्णीच्या डोक्याला मशीन कसं लावू? माझ्या हातून नाही व्हायचं." हे दारात उभे होते, ते काही बोलले नाहीत. मला राग आला नाही. आमच्या गावातल्या जुन्या वाड्यात लाल आलवणातली एक बोडकी आजी होती, आत्याबाईंनी तिला लहानपणी पाहिलेलं. दर काही दिवसांनी परसदारी न्हावी यायचा आणि ती खाली मान घालून बसायची, एवढंच त्यांना आठवतं. केशवपन हे नाव घेतलं की गावाला अजून ती मान दिसते. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं शेकडो नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं होतं. बाईच्या डोक्यावर आपल्या हातून अन्याय होऊ नये ही त्यांची तळमळ आणि माझ्यापुढे थबकलेला हा माणूस, यांत मला एकच माया दिसली.

शेवटी आत्याबाईच उठल्या. न्हावीदादांना म्हणाल्या, "तिचा नवरा समोर उभा हाय, ती सोता सांगतीय. तू औषध करायला आलाय असं समज." त्यांनी मशीनला पाया पडल्यासारखा हात लावला आणि इतक्या हलक्या हातानं केस काढले की मला फक्त गुणगुण ऐकू आली. पैसे घेतले नाहीत.

मग डोकं झाकायचं कशानं? पुण्याहून भाचीनं विग पाठवला, नायलॉनचा. फाल्गुनातलं नगरचं ऊन, त्यात लाल झालेली कातडी. तासाभरात आग व्हायला लागली. सुती ओढणी बरी. आत्याबाईंच्या वयाच्या बायका डोक्यावर पदर घेतातच, मीही घ्यायला लागले. कामावर स्कार्फ. तेलाबद्दल घरात रोज चर्चा. माका, जास्वंद, कांद्याचा रस, कुणी काय कुणी काय सुचवत होतं, सगळं प्रेमापोटी. शेक चालू असेपर्यंत आणि कातडी शांत होईपर्यंत त्यातलं काही लावायचं नाही, कोमट पाणी, लहान बाळांचा शाम्पू, ऊन टाळायचं, खाजवायचं नाही, मेंदी-कलप तर लांबच. हे मी एका कागदावर लिहून आरशाला चिकटवलं, म्हणजे प्रत्येकीला नव्यानं समजवावं लागलं नाही.

आमच्या गावच्या आशाताई तो कागद वाचून म्हणाल्या, "हे मला द्या, मला कुणी शिकवलेलं नाही." याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, आणि शाळा न पाहिलेल्या खेड्यातल्या बायकाही बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंत सगळं शिकून दुसऱ्या बायकांना समजावू शकतात हे दाखवून दिलं. मग शेकाचं का समजावू नये? मोठ्या डॉक्टरांना वेळ नसतो, मान्य. पण मास्कच्या दिवशी शेजारी बसून दहा मिनिटं बोलणारी एक बाई प्रत्येक ठिकाणी नेमता येईल. किरण कुठून शिरणार, कुठून निघणार, कुठले केस कितव्या आठवड्यात जाणार, त्यांतले कुठले येणार. एवढंच सांगायचं. गाठ पसरली या भीतीनं रात्र जागून काढलेली मी एकटीच नसणार.

होळीच्या सुमारास शेक संपला. श्रावणात कानामागे लव दिसली आणि दिवाळीपर्यंत तो पट्टा भरून आला. आधीपेक्षा किंचित कुरळा, पण माझाच. वरच्या बाजूला खुणेभोवती तळहाताएवढा चट्टा विरळ राहिला आहे. मधोमध तर काहीच नाही. आता भांग उजवीकडून पाडते आणि केस डावीकडे वळवून घेते. काउंटरवर कुणी विचारलं तर सांगते. बायका दुसऱ्यांदा बघतात तेव्हा मी स्वतःच वळून दाखवते, म्हणजे त्यांचं बघणं संपतं आणि विचारणं सुरू होतं.

पुढचा एमआरआय जवळ आला आहे. जागा स्वच्छ असली तर त्याच भेटीत विचारायचं आहे, की या चट्ट्यावर केसांचं रोपण होऊ शकेल का. शेक बसलेल्या कातडीत रक्ताचा पुरवठा कमी असतो, लावलेले केस धरतीलच असं नाही, जखम भरायलाही वेळ लागतो, एवढं मला कळलं आहे. हे म्हणतात, कशाला पुन्हा डोक्याला हात लावायचा? लेक म्हणते, विचार तरी. सर्जन आणि शेकाचे डॉक्टर, दोघांनाही विचारायचे प्रश्न मी फायलीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवले आहेत.